'रेझ द टायटॅनिक' आज कुणी वाचलंय का? पुढची पुस्तकं घ्यावीत का?

गंगापूररोडची वाचक

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, समजून घ्या. आमचे अण्णा गेल्या वर्षी गेले. ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते, सगळी नोकरी तिथेच झाली. दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला तर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत मायक्रोमीटरच्या डब्याखाली एक इंग्रजी पेपरबॅक निघालं, क्लाइव्ह कसलरचं 'रेझ द टायटॅनिक'. पानं पिवळी पडलीत, पाठीचा गोंद सुटलाय आणि मधली बरीचशी पानं गठ्ठ्यानं हातात येतात. अण्णा तरुणपणी मराठी रहस्यकथा लायब्ररीतून भाड्यानं आणून रोज एक संपवायचे हे आईकडून ऐकलं होतं, पण इंग्रजी कादंबरी वाचायचे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मी आठवड्याभरात वाचून काढलं आणि मला खूप आवडलं. मी थ्रिलर फारसे वाचत नाही, त्यामुळे पहिली काही पानं धडकी भरवून गेली, बुडत्या जहाजावर एक माणूस अधिकाऱ्याला पिस्तूल दाखवून खाली तिजोरीकडे न्यायला लावतो, तिथून जे धरलं ते सोडवेना. पण मधेच मला प्रश्न पडला की हे पुस्तक १९७६ चं, आणि टायटॅनिक सापडलं १९८५ ला, तेही दोन तुकडे झालेलं. पुस्तकात तर अख्खं जहाज वर काढतात. म्हणजे ज्याच्यावर सगळं उभंय तेच आज खोटं ठरलंय. तरी वाचताना मला ते खोटं वाटत नव्हतं, असं का होत असेल?

दुसरं म्हणजे मुलगी नववीत आहे, तिलाही वाचायचंय. हा डर्क पिट नावाचा हिरो पुढे कितीतरी पुस्तकांत आहे म्हणे. कुठून सुरू करावं? क्रमानं वाचायलाच हवं का?

आणि एक राहिलंच. जहाजाची भोकं बुजवायचं ठरतं त्या भागात एका पानाच्या समासात अण्णांनी पेन्सिलीनं लिहिलंय, १२५०० × ०.४४५ = ५५६२, आणि खाली 'मग हवा किती?' त्याच्याखाली दोन रेघा. हे कसलं गणित आहे कुणी सांगेल का?

पंचवटीचा पासधारक

ताई, अण्णांबद्दल वाचून वाईट वाटलं. हे पुस्तक मी पंचवटी एक्सप्रेसमध्ये वाचलंय, नाशिकरोड ते मुंबई, पासवाल्यांच्या डब्यात. शेजारी पत्त्यांचा डाव रंगलेला असायचा आणि मी खिडकीशी समुद्राच्या तळाशी. कसारा घाटात बोगदा आला की बोट घालून पुस्तक मिटायचं आणि उजेड आला की उघडायचं, ते आजही आठवतं.

माझं प्रामाणिक मत सांगतो, मालिकेतलं हेच सगळ्यात चांगलं. मी पुढची बारा-पंधरा वाचली असतील. नंतर नंतर एक साचा बनला, आधी इतिहासातला एखादा प्रसंग, मग आजच्या काळातला कुणी पैसेवाला खलनायक, मग हिरो मरता मरता वाचतो आणि जोडीला त्याचा दोस्त अल जिऑर्डिनो. मजा येते, नाही असं नाही, पण पुढच्या पानावर काय होणार ते कळत जातं. ह्यात तसं नाही. ह्यात पिट सगळीकडे मिरवत नाही. नोवाया झेम्ल्या बेटावर बर्फात एका अमेरिकन माणसाला वाचवायला अचानक उगवतो, तेव्हा आपल्याला धड माहीतही नसतं हा कोण. आणि पुस्तकाचा खरा जीव आहे तो कामात. एक वाद्य सापडतं बघा समुद्रतळावर, कॉर्नेट, ते साफ करतात आणि त्याच्यावर कोरलेलं नाव हळूहळू दिसायला लागतं. गोळीबार नाही, पाठलाग नाही, फक्त एक पितळी वाद्य पुसतायत आणि अंगावर काटा येतो. पुढच्या पुस्तकांत लेखकाला इतका धीर राहिला नाही.

क्रमाचं म्हणाल तर अजिबात गरज नाही. आधी छापलं गेलं ते 'द मेडिटेरेनियन केपर', १९७३ ला, मग 'आइसबर्ग' १९७५ ला, आणि तिसरं हे, ह्याच्यावरच लेखकाचं नाव झालं. गंमत म्हणजे त्यानं सगळ्यात आधी लिहिलेलं 'पॅसिफिक व्हॉर्टेक्स' छापलं गेलं थेट १९८३ ला, त्यामुळे क्रम लावायला गेलात तर डोकं फिरेल. हिरोचं डर्क हे नाव लेखकाच्या मुलाचं, आणि २०२० ला कसलर गेल्यावर तोच मुलगा मालिका पुढे लिहितोय. मुलीला हे झालं की 'सहारा' द्या.

इतिहासवाली, कॉलेजरोड

मुलीला द्यायच्या आधी माझं ऐका थोडं.

मी हे पुस्तक दोनदा वाचलंय. पहिल्यांदा कॉलेजात असताना, तेव्हा भारावले होते. दुसऱ्यांदा चाळिशीत, आणि तेव्हा डेना सीग्रमची पात्ररचना मला फार खटकली. बाई सागरी पुरातत्त्वाची अभ्यासक आहे, हुशार आहे, पण लेखकाचं लक्ष तिच्या कामापेक्षा तिच्या दिसण्यावर आणि तिच्या मोडत चाललेल्या संसारावरच जास्त. तिचा नवरा जीन, तो शास्त्रज्ञ, कामापायी हळूहळू खचत जातो, ते मात्र लेखकानं मन लावून लिहिलंय आणि ते खरोखर चांगलं उतरलंय. म्हणजे ह्या माणसाला माणसं लिहिता येत होती, बायांच्या बाबतीत त्यानं कष्ट घेतले नाहीत हे माझं म्हणणं. पासधारकांनी ते पहिलं छापलेलं पुस्तक सांगितलं, त्यात तर हिरो पहिल्याच भेटीत समुद्रकिनाऱ्यावर एका बाईच्या थोबाडीत मारतो. नववीतल्या मुलीच्या हातात ते मी देणार नाही. टायटॅनिकवालं द्या, पण सोबत वाचा, आणि डेनाबद्दल तिला काय वाटलं ते विचारा.

आता तुमचा खरा प्रश्न, खोटं का वाटत नाही. लेखक हवेत गोष्ट रचत नव्हता. १९६८ ला के-१२९ नावाची सोव्हिएत पाणबुडी पॅसिफिकमध्ये बुडाली, जवळपास पाच किलोमीटर खोल. १९७४ ला अमेरिकेच्या सीआयएनं ग्लोमार एक्सप्लोरर नावाचं अवाढव्य जहाज नेऊन ती गुपचूप उचलायचा प्रयत्न केला. जगाला काय सांगितलं, तर समुद्रतळावरची खनिजं काढतोय. उचलताना पाणबुडी तुटली आणि काही भागच हाती आला. १९७५ ला हे पेपरांत फुटलं, आणि १९७६ ला ही कादंबरी, ज्यात अमेरिका एका दुर्मिळ खनिजासाठी जहाज वर काढते आणि सोव्हिएत टपून बसलेत. बायझेनियम हे खनिज काल्पनिक, पण त्या वेळच्या वाचकाला हे असं होऊ शकतं ह्यात शंका वाटायचं काही कारणच नव्हतं.

आणि त्याच्याही पुढचं. १९८५ ला रॉबर्ट बॅलार्डच्या टीमला टायटॅनिक सापडलं, ती मोहीम मुळात अमेरिकन नौदलाच्या पैशातून होती, थ्रेशर आणि स्कॉर्पियन ह्या बुडालेल्या दोन अणुपाणबुड्यांची पाहणी करायला. ते काम उरकल्यावर जे थोडे दिवस उरले त्यात जहाज शोधलं. हे कितीतरी वर्षांनी उघड झालं. टायटॅनिकच्या नावाआड लष्करी गुपित, नेमकी हीच कल्पना कसलरनं नऊ वर्षं आधी लिहून ठेवली होती! जहाज अख्खं आहे हे त्याचं चुकलं, पण त्या वेळी वाचलेल्या प्रवाशांच्या साक्षींतही एकमत नव्हतं, कुणी म्हणे तुटलं, कुणी म्हणे अखंड बुडालं, आणि चौकशीत अखंड बुडालं हेच मान्य झालेलं. त्यामुळे त्याला मी दोष देत नाही.

अंबड एमआयडीसी

वरचं सगळं वाचलं, पण मी थांबलो ते अण्णांच्या गणितावर. मी हायड्रॉलिक्समध्ये आहे, सिलिंडर, सील, प्रेशर टेस्टिंग हेच रोजचं काम, म्हणून सांगतो.

१२५०० म्हणजे फूट, टायटॅनिक साधारण तेवढ्या खोलीवर आहे, मीटरमध्ये ३८००. समुद्राचं पाणी दर फुटाला ०.४४५ पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तेवढे पौंड, दाब वाढवतं. गोड्या पाण्याला तो आकडा ०.४३३ आहे, म्हणजे अण्णांनी खाऱ्या पाण्याचा आकडा घेतलाय, अंदाजपंचे केलेलं नाही हे. गुणाकार केला की ५५६२ पीएसआय. आपल्या कारच्या टायरमध्ये तीस-बत्तीस असतात. नखाएवढ्या जागेवर किती भार येतो बघा, आणि अशा ठिकाणी जहाजाची भोकं बुजवायची.

आता 'मग हवा किती?' हा प्रश्न फार मोलाचा आहे ताई. पुस्तकात भोकं बुजवून आत हवा भरून पाणी बाहेर ढकलायचं ठरतं. पण तिथे खाली दाब वरच्यापेक्षा सुमारे ३८० पट, त्यामुळे एक लिटर पाणी हटवायला वरची साडेतीनशे-पावणेचारशे लिटर हवा दाबून खाली न्यावी लागणार. एक लिटरला! जहाजात किती पाणी असेल ते धरा आणि तेवढे कॉम्प्रेसर कुठून आणणार, ते किती दिवस चालवणार, अण्णा तिथेच अडले असणार. मी पण पहिल्यांदा वाचताना तिथेच अडलो होतो आणि दोन दिवस कामावर दुसरं काही सुचत नव्हतं.

मला हे पुस्तक का आवडतं ते पण हेच. आमच्यासारख्या माणसाला ह्यात शिरायला जागा आहे. चुका काढता येतात, हिशोब मांडता येतो, लेखकाशी भांडता येतं. नंतरच्या पुस्तकांत हिरो कुठलंही यंत्र बघतो आणि चालवतो, तिथे आपलं काही काम उरत नाही. इथे आधी सीलिंग, मग हवा, मग तळाच्या चिखलाची पकड सोडवायची, एकेक पायरी आहे. आपल्याकडे गोदेला पूर आला की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं असं सगळं नाशिक मोजत बसतं ना, तसं वाचताना मी मोजत होतो, फक्त उलट्या दिशेनं.

एक सांगा, त्या सुटलेल्या पानांत जहाज वर येतं तो भाग आहे का? असेल तर समास नीट बघा. कारण हवा भरणं हा अर्धा प्रश्न. जहाज वर यायला लागलं की बाहेरचा दाब कमी होतो आणि आतली हवा फुगते. शेवटच्या दहा मीटरमध्येच ती दुप्पट होते. ती सोडली नाही तर प्लेटा फाटतील. ज्या माणसानं पहिला प्रश्न विचारला तो दुसरा विचारल्याशिवाय राहणार नाही.

पंचवटीचा पासधारक

वा! मी हे पुस्तक इतक्या जणांना वाचायला दिलं पण हा हिशोब आजवर कुणी सांगितला नव्हता. एक भर घालतो, कसलर नुसता लिहिणारा नव्हता. कादंबरीत पिट ज्या नुमा ह्या संस्थेत काम करतो तिच्याच नावाची खरी संस्था त्यानं १९७९ ला काढली, बुडालेली जहाजं शोधायला. अमेरिकन यादवी युद्धातली हनली ही पाणबुडी त्यांच्या टीमला १९९५ ला सापडली आणि २००० साली ती खरोखर पाण्याबाहेर काढली. १९८० ला ह्या कादंबरीवर सिनेमा आला तो साफ पडला, त्याच्या वाटेला जाऊ नका.

गंगापूररोडची वाचक

अंबडवाले दादा, तुमचं वाचलं आणि उठून लगेच ट्रंक काढली. मुलगी पण येऊन बसली. सुटलेली पानं एकेक करून चादरीवर पसरली, कारण गठ्ठा उलटासुलटा झालेला होता, आधी नंबर लावून घ्यावे लागले.

आहे. जहाज वर येतं त्याच्या दोन पानं आधी, खालच्या समासात. अगदी बारीक अक्षर आहे, भिंग घेऊन वाचलं. 'वर येताना हवा फुगणार. सोडायची सोय?' आणि शेजारी एक छोटंसं चित्र, स्प्रिंग, त्याच्यावर बसलेली गोळी, वर झाकण आणि बाजूला बाण. मुलीनं विचारलं हे काय, मी म्हटलं मला नाही माहीत गं. चित्राचा फोटो खाली टाकतेय, तुम्हीच तिला सांगा. आणि इतिहासवाल्या ताई, डेनाबद्दलचा प्रश्न मी तिला विचारणार आहे, ती आत्ता चाळिसाव्या पानावर आहे आणि तिनं पेन्सिल मागून घेतलीय.

अंबड एमआयडीसी

फोटो बघितला. रिलीफ व्हॉल्व्ह आहे तो, बॉल टाइप. आतला दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की गोळी उचलली जाते, हवा बाणाच्या दिशेनं बाहेर पडते आणि दाब उतरला की स्प्रिंग गोळीला परत बसवते. स्प्रिंगचे वेढे मोजा म्हणावं तिला, सहा काढलेत, आणि दोन्ही टोकांचे वेढे सपाट दाखवलेत. खरी स्प्रिंग हाताळलेला माणूसच असं काढतो. रविवारी वेळ असेल तर दोघी अंबडला या, टेस्ट बेंचवर असाच एक व्हॉल्व्ह उघडून दाखवतो तिला. येताना पुस्तक आणा.