१९४४ च्या गोदी स्फोटात गेलेल्या गावकऱ्यांसाठी शिला बसवायची आहे. नावं कुठे शोधावीत, काय लिहावं?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटलं, तेव्हा आमच्याकडची बरीच माणसं गोदीत हमालीला होती. त्यातली काही परत आली नाहीत, असं जुनी माणसं सांगायची. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ त्यातलेच. हमालांच्या टोळीत काम करायचे आणि मुंबईत गाववाल्यांच्या सामाईक खोलीवर राहायचे. ना प्रेत मिळालं, ना कुठला कागद आला. मनीऑर्डर थांबली आणि स्फोटानंतर घाबरून गावी परतलेल्यांनी सांगितलं, तेवढीच काय ती खबर.

ते त्याच दिवशी गेले की नंतर कुठल्या इस्पितळात, हेही घरात कुणाला कळलं नाही. त्यामुळे त्यांची तिथी नाही. थोरली आजी होती तोवर पितृपक्षात त्यांचं पान सर्वपित्रीला वाढलं जायचं, आणि वाढताना ती दरवर्षी म्हणायची, "ह्यांची तारीख सगळ्या मुंबईला म्हायत हाय, आमालाच न्हाय."

ग्रामपंचायतीने शाळेच्या बाजूची जागा देऊ केली आहे. पण माझ्याकडे खात्रीची दोनच नावं आहेत. बाकीची कुठे मिळतील? दगडावर नेमकं काय लिहावं? आणि एक अडचण. बैठकीत काही जण म्हणाले, "ते सैनिक होते काय? पोटासाठी गेले होते, आणि लढाई तर इंग्रजांची." मला हे मुळीच पटत नाही, पण चारचौघांत नीट उत्तर देता आलं नाही.

गोदीकाठ

सड्यावरचा, मी गोदीतून निवृत्त झालो. वडीलही गोदीतच होते. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटल्याशिवाय दगडावर काय लिहायचं ते ठरणार नाही.

त्या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. वाटेत कराचीला त्यावर कापसाच्या ८,७०० च्या आसपास गासड्या चढवल्या, शिवाय तेलाची पिंपं, लाकूड, गंधक. एरवी असा माल असलेल्या जहाजावर लाल बावटा लावतात. युद्धामुळे तो लावला नव्हता. जहाज १२ एप्रिलला आलं, आणि १४ तारखेला जेवणाची सुट्टी संपवून माणसं परत कामाला लागली तेव्हा जहाजाच्या मालाच्या दोन नंबरच्या खणातून धूर येताना दिसला. पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनी झाला, दुसरा अर्ध्या तासाच्या आत. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आता शेजारच्या धक्क्यांवर, शेडमध्ये, बाहेर दाणाबंदर-मांडवीला जी माणसं पाठीवर गोणी घेऊन चालली होती, त्यांना शेजारी काय जळतंय हे कोण सांगणार होतं?

आणि 'लढाई इंग्रजांची' म्हणणाऱ्यांना हे सांगा. त्याच्या आधीच्या महिन्यात, मार्च १९४४ मध्ये, इंफाळजवळ सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण लढत होती. आघाडीवरच्या पोराच्या हातात काडतूस पडतं ते कुठल्यातरी बंदरात कुणीतरी ते उतरवलेलं असतं म्हणून. गणवेश नसला तरी ते काम युद्धाचंच होतं. पोटासाठी म्हणाल, तर फौजेत भरती झालेले आपले बहुतेक पोरगेही पोटासाठीच गेले होते. त्यांच्याबद्दल आपण असं म्हणत नाही.

नावं का मिळत नाहीत? टोळीवाला, म्हणजे हमालांचा मुकादम, सकाळी माणसं उचलायचा, संध्याकाळी हिशेब करायचा. आज हा, उद्या तो. गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा झाला १९४८ साली आणि मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं १९५१ मध्ये. त्याआधीचा रोजंदारीवरचा माणूस कुणाच्याच पटावर नव्हता. म्हणूनच मृतांचा आकडा कुणी ८०० सांगतं, कुणी १,३०० च्या घरात. त्याच जहाजात सोन्याच्या १२४ विटा होत्या. त्यांची मोजदाद चोख होती, आणि पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना एखादी वीट सापडली की तिची बातमी व्हायची. माणसांची मोजदाद झाली नाही याचा मला आजही संताप येतो.

अजून एक. स्फोटानंतर राडारोडा उपसून गोदी पुन्हा चालू करायला ८,००० माणसं सात महिने खपली. त्यातही तुमच्या गावचे असणार. शिलेवर त्यांचाही उल्लेख करा.

भायखळा_निवृत्त

मी अग्निशमन दलात होतो. आमचे ६६ जण त्या दिवशी गेले. पहिल्या स्फोटापर्यंत ते जहाजावर पाणी मारत होते, कुणी मागे हटलं नव्हतं. भायखळ्याला मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे आणि देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो याच दिवसावरून. दर वर्षी मानवंदनेला उभा राहिलो की मला वाटायचं, आमची नावं वाचली जातात कारण आमचा हजेरीपट होता. शेजारी उभ्या असलेल्या हमालाचा नव्हता. तुम्ही शिला कराल तेव्हा कळवा, मी येईन.

नदीपलीकडे

तलाठी म्हणून बरीच वर्षं काढली, त्या अनुभवावरून सांगते. गावच्या मृत्यू नोंदवहीत, म्हणजे कोतवाल बुकात, हे लोक बहुधा सापडणार नाहीत, कारण मृत्यू मुंबईत झाला. त्यापेक्षा फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी पाहा. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन असेल त्याचा वारसफेर कधी ना कधी झालाच असेल. १९४४ पासून पुढच्या दहा-पंधरा वर्षांचे वारसाचे फेरफार काढा. "मुंबईस मयत" असं लिहिलेला प्रत्येक इसम टिपून ठेवा आणि मग त्या घरी जाऊन विचारा. जुन्या नोंदी मोडीत असतील तर वाचणारा सोबत न्या.

दुसरं, तुमच्या मुंबईच्या खोलीची वही. भाड्याची, खानावळीची, वर्गणीची. मे १९४४ पासून कुणाचं नाव गळलं ते त्यात दिसेल. पण एक गोष्ट विसरू नका. त्या खोल्या भावकीच्या होत्या. एका वहीत एका वाडीचीच नावं मिळतील. बौद्धवाडीतले, मोहल्ल्यातले लोक मुंबईत दुसरीकडे राहायचे. गोदीत मात्र ते एकाच आगीत सापडले. तुमच्या बैठकीला त्या वाड्यांतलं कुणी होतं का? नसेल तर पुढची बैठक तिथे घ्या, मगच दगड सांगा.

मोहल्ल्यातले काही जण गोदीत नसून जहाजांवर खलाशी असतील. त्यांच्यासाठी मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये महायुद्धांत गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. त्यांचा शोध वेगळा करावा लागेल. आणि नुकसानभरपाईसाठी सरकारने १९४४ मध्ये खास वटहुकूम काढला होता, तेव्हा काळाघोड्याला राज्य पुराभिलेखागारात जाऊन त्या काळच्या कागदांची चौकशी करा.

तारीख १४ एप्रिल ठेवलीत तर बाबासाहेबांची जयंतीही त्याच दिवशी. सकाळी सगळ्या गावाने जयंतीला जावं आणि दुपारी चारला शिलेपाशी जमावं, असं करता येईल.

टाकीचा_घाव

कोनशिला कोरतो. जांभ्यावर अक्षर कोरू नका. जांभ्याला भोकं असतात, कानामात्रा तुटतात आणि तीन-चार पावसाळ्यांत शेवाळ धरतं. चौथरा जांभ्याचा चालेल, शिला काळ्या ग्रॅनाइटची घ्या. अक्षरं खोल कोरून घ्या, नुसता रंग कोकणात टिकत नाही. आणि सगळी नावं मिळेपर्यंत थांबू नका. खालचा तिसरा भाग कोरा ठेवा. नाव मिळालं की कारागीर जागेवर येऊन कोरू शकतो. मात्र त्या रिकाम्या जागेत देणगीदाराचं नाव घालू देऊ नका, तो आग्रह होणार.

गोदीकाठ

मजकुराबद्दल. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या लावल्या, या गावातून इतके गेले, त्यातले इतके परतले नाहीत अशा. नुसते आकडे. तसं करू नका. कच्छमध्ये माधापरला १९७१ च्या युद्धात भूजची धावपट्टी दुरुस्त करणाऱ्या ३०० बायकांचं स्मारक आहे. तिथल्या हवाई दलाच्या तळाचे प्रमुख आपले विजय कर्णिक होते. त्या बायकांनी काय काम केलं हेच तिथे महत्त्वाचं आहे. तुम्हीही कामच सांगा. मला सुचलं ते असं:

"दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या गावच्या माणसांनी मुंबईच्या गोदीत माल चढवण्या-उतरवण्याचं काम केलं. १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात त्यांपैकी खालील जण गेले. स्फोटानंतर गोदी पुन्हा उभी करणाऱ्यांतही या गावचे हात होते."

मग नावं. नावापुढे वाडी लिहा, जात कळेल असं काही लिहू नका. ज्या घरांची खात्री होत नाही त्यांच्यासाठी एक ओळ: "आणि ज्यांची नावं अजून मिळाली नाहीत ते."

सड्यावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. नदीपलीकडे ताई, बैठकीला त्या वाड्यांतलं कुणीच नव्हतं. पुढची बैठक बौद्धवाडीच्या विहारात घ्यायची असं आज सरपंचांशी बोलून ठरवलं, मोहल्ल्यातही निरोप गेलाय. फेरफारांसाठी अर्ज लिहून ठेवला आहे. गोदीकाठ काका, तुमचा मजकूर त्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, आणि सांगशाकचं ज्यांना सांगायचं त्यांना आधीच सांगितलंय. भायखळ्याच्या काकांना आमंत्रण नक्की.

आमच्या खोलीची वही कुणाकडे गेली ते कळत नाहीये, खोली विकून बराच काळ झाला. देवरुख, माखजन, आरवली बाजूच्या कुणाच्या घरी चाळीसच्या दशकातली गाववाल्यांच्या खोलीची वही, मनीऑर्डरच्या पावत्या किंवा टोळीवाल्याचा हिशेब पडून असेल तर कृपया इथेच लिहा. पानांचे फोटो पाठवले तरी पुरे, वही तुमच्याकडेच राहू द्या.