धंदा वाढवताना नफा, मजुरी आणि सुख यांचा मेळ: कॅथलिक शिकवण नेमके काय सांगते?

प्रश्न: उद्यमनगरकर

नमस्कार. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचे छोटे मशिन शॉप आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून येणाऱ्या कास्टिंगवर (ओतीव भागांवर) आम्ही जॉबवर्क करतो. एका मोठ्या ग्राहकाने काम दुप्पट देण्याची तयारी दाखवली आहे. त्यासाठी कर्ज काढून दुसरे सीएनसी (संगणकावर चालणारे) मशिन घ्यावे लागेल, ठेकेदाराकडून माणसे आणावी लागतील आणि रविवारीही शॉप चालू ठेवावे लागेल. दर मात्र इतका ओढून धरलेला आहे की कामगारांचे पगार आहेत तिथेच ठेवले, तरच बँकेचा हप्ता भागतो.

मी कॅथलिक आहे. श्रीमंताचा देवाच्या राज्यात प्रवेश होण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, हे प्रभूचे वचन मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. वडील म्हणतात की जो धंदा वाढत नाही तो मागे पडतो, आणि त्यांचे अनुभवाचे बोल मला खोटे वाटत नाहीत. नफ्याची इच्छा धरणे हेच मुळात पाप आहे का? आणि एवढे वाढवून मी सुखी होईन का, हा प्रश्न हिशेबाच्या वहीत कुठे बसतो? कृपया गांभीर्याने उत्तर द्यावे.

उत्तर: निवृत्त धर्मशिक्षक

नफा हे पाप नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 च्या 'सेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात नफ्याचे स्थान स्पष्टपणे मान्य केले आहे: व्यवसाय नीट चालला असल्याची ती एक खूण आहे. परंतु ती एकमेव खूण नाही, कारण हिशेब चोख असूनही त्याच व्यवसायातली माणसे अपमानित आणि पिळलेली असू शकतात, असे त्याच ठिकाणी ते बजावतात. तुमच्या शंकेचे उत्तर बरेचसे या दुसऱ्या वाक्यात आहे.

सुखाबद्दल संत थॉमस अक्वायनस यांचा तेराव्या शतकातला विचार मला आजही सर्वांत उपयोगी वाटतो. अन्न, वस्त्र, निवारा या संपत्तीची इच्छा पोट भरले की थांबते; पैसा मात्र या वस्तू मिळवण्यासाठी माणसाने निर्माण केलेले साधन असल्यामुळे त्याच्या इच्छेला स्वाभाविक शेवट नाही. जी गोष्ट दुसऱ्या कशासाठी तरी हवी असते, ती अंतिम सुख होऊ शकत नाही, आणि ते सुख केवळ देवातच आहे, हे ते मोठ्या तर्कशुद्ध रीतीने मांडतात. तेच अक्वायनस बेताचा नफा घेणाऱ्या व्यापाऱ्याला दोष देत नाहीत. घर चालवणे किंवा गरजूंना मदत करणे हा त्यामागचा हेतू असेल तर तो व्यापार त्यांना मान्य आहे. म्हणून मशिन घ्यावे की नाही, याआधी ते कशासाठी हवे आहे, हे स्वतःला विचारा, आणि आलेले उत्तर मिस्सेनंतर (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेनंतर) तुमच्या फादरांसमोरही मोकळेपणाने मांडा.

उंटाचे ते वचन ज्यात येते ती श्रीमंत तरुणाची गोष्ट आपण सतत सांगतो, पण लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत जकातदार जक्कय आपल्या प्रवचनांत मागे राहतो, याची मला खंत वाटते. येशू त्याच्या घरी उतरतो, आणि तो अर्धी संपत्ती गरिबांना देण्याचे व कोणाला फसवले असेल तर चौपट परत करण्याचे वचन देतो. तारण त्याच्या घराला मिळाले, ते हिशेब सरळ करायला तो तयार झाला तेव्हा.

उत्तर: शिरोलीचा फाउंड्रीवाला

मी ख्रिस्ती नाही, तरी धंद्यातला माणूस म्हणून लिहितो. दर ग्राहक ठरवतो. आपण नाही म्हटले तर शेजारचा घेतो, आणि मग आपल्या कामगारांना कामच उरत नाही. धर्माने सांगितलेली योग्य मजुरी द्यायची तर ती येणार कुठून, हे कोणीतरी सांगायला हवे.

उत्तर: निवृत्त धर्मशिक्षक

दादा, आपला प्रश्न रास्त आहे आणि चर्चनेही तो टाळलेला नाही. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक लिहिले ते याच अडचणीतून. गरजेपोटी कामगाराने कमी मजुरी मान्य केली, तरी केवळ त्याच्या संमतीमुळे ती न्याय्य ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे; काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह तीत झालाच पाहिजे. म्हणजे मजुरी ही उरलेल्या पैशातून द्यायची रक्कम नव्हे. दर स्वीकारण्यापूर्वी ती धरायची असते. ती भागत नसेल तर ते काम आपल्यासाठी नाही, असे म्हणण्याचे धैर्य लागते. हे सोपे आहे असे मी मुळीच म्हणत नाही.

अर्जेंटिनाचे एन्रिके शॉ (1921 ते 1962) हे काचकारखान्याचे संचालक होते. कामगारकपातीचा प्रश्न आला तेव्हा ते कामगारांच्या बाजूने उभे राहिले. 2021 मध्ये चर्चने त्यांना 'वंदनीय' घोषित केले; संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी आहे. कारखानदारालाही पवित्र जीवनाचा मार्ग खुला आहे, हे दाखवायला मला त्यांचे उदाहरण पुरेसे वाटते.

उत्तर: हिशेबनीस ताई

मी लघुउद्योगांचे हिशेब पाहते. दोन गोष्टी सुचवते.

पहिली, ग्राहकाचे पैसे कधी येतात ते तपासा. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी देवापर्यंत ओरडत जाते, असे म्हटले आहे. आणि छोट्या शॉपमध्ये पगार रखडतो तो पुष्कळदा वरून बिल रखडल्यामुळे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आधी ती करून घ्या. हक्काचे पैसे मागण्यात लोभ नाही, कारण त्यात तुमच्या कामगारांचाही वाटा आहे.

दुसरी, ठेकेदाराकडून येणाऱ्या माणसांचा भविष्यनिर्वाह निधी आणि विमा खरोखर भरला जातो का, हे स्वतः पाहा. रविवारचे म्हणाल, तर कामगारांना आठवड्याची सुट्टी कायद्यानेच द्यावी लागते. तुमची मिस्सा आणि त्यांचा घरच्यांसोबतचा दिवस या दोन्ही गोष्टी जपणारी पाळी आखता येते का, हे ग्राहकाला शब्द देण्याआधी ठरवा.

आता हप्त्याचे गणित पगारवाढ धरून पुन्हा मांडा. दर किती वाढवून मागायला हवा, ते त्यातून दिसेल. तो आकडा घेऊन ग्राहकाकडे जा, आणि काम दुप्पट करायचे की निम्म्यानेच वाढवायचे, हे त्याच्या उत्तरावर सोडा.