मदत हवी आहे: पेम्ब्रोलिझुमॅब (कॅन्सरवरचं इम्युनोथेरपीचं औषध) तीनऐवजी सहा आठवड्यांनी कुणी घेतलंय का?

बाबा ७१ वर्षांचे, फुप्फुसाचा कॅन्सर. पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) ५० टक्क्यांच्या वर, म्हणून केमो नाही, नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब: दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम. गोव्यात काणकोणहून बांबोळीच्या हॉस्पिटलात जाऊन परतताना ते कुंकळ्ळीपर्यंतच मागच्या सीटवर आडवे होतात. सहा आठवड्यांनी ४०० हाही मान्य डोस आहे. डॉक्टर म्हणतात, चालेल, तुम्ही ठरवा. (ठरवायचं कसं, हीच तर पंचाईत!)

औषध प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढतं, मग ती आतडी, फुप्फुसं, थायरॉईडवरही उलटू शकते, एवढं कळलंय. टीएसएच (थायरॉईड मंदावला की वाढणारं हार्मोन) वाढल्यामुळे थायरॉक्सिन चालू आहे. जुलाब, धाप नाही. खर्चाचा प्रश्न नाही.

ज्यांनी असा बदल केला, त्यांनी मधल्या काळात थायरॉईड-लिव्हरच्या तपासण्या कधी केल्या? आणि अचानक जुलाब लागले तर मडगावात कुणाला दाखवायचं, हे आधीच ठरवलं होतं का?