40 टक्के अपंगत्व म्हणजे 40 टक्केच भरपाई नव्हे
वाहन अपघातात जखमी झालेल्याच्या प्रमाणपत्रावर 40 टक्के अपंगत्व असेल तर भरपाईही त्याच हिशेबाने मिळते, असं काही जण म्हणतात. ते पटत नाही. शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईची क्षमता गमावणं वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात स्पष्ट केलंय. मेंदूच्या दुखापतीत तर हे फारच महत्त्वाचं! माझा मावसभाऊ हिशेबनीस. अपघातानंतर हातपाय धड, पण आकडे डोक्यात टिकत नाहीत. स्मरणशक्तीच्या चाचण्यांचा अहवाल जोडला, डॉक्टरांची साक्ष झाली, तेव्हा कुठे भरपाई ठरवणाऱ्या मोटार अपघात न्यायाधिकरणाला त्याचं नुकसान दिसलं.

त्यामुळे नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबू नका, ते देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवायला वकिलांना सांगाच. आणि सांभाळायला कायम माणूस लागणार असेल तर तो खर्च वेगळा मागा.