अंगणातले हमिंगबर्ड: तुमच्याकडे कधी येतात, कधी जातात?

मध्य न्यू जर्सी, २६ एप्रिल

आज सकाळी सव्वासातला चहाचा कप घेऊन डेकच्या दाराशी उभी होते आणि तो आला. फीडर, म्हणजे साखरपाण्याचं टांगतं भांडं, चार दिवसांपूर्वीच भरून टांगला होता. आधी गळा नुसता काळा दिसला. मग त्याने मान वळवली आणि तोच गळा माणकासारखा लाल पेटला. मोरपिसाचं असतं तसंच हे. पिसाच्या बांधणीतून उजेड परततो तेव्हा रंग दिसतो, कोन हुकला की काळं.

पूर्व अमेरिकेत वीण करणारी हमिंगबर्डची जात एकच, रूबी-थ्रोटेड. वजन जेमतेम ३ ग्रॅम. हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढून हे परत येतात, आणि त्यातले बरेच जण मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. ते अंतर सुमारे ८०० किलोमीटर आहे. आधी नर येतात, माद्या मागून. गेली नऊ वर्षं मी पहिल्या दर्शनाची तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवते. सगळ्यांत लवकर २१ एप्रिल, सगळ्यांत उशिरा २ मे.

एक चूक आधीच सांगते. पहिल्या वर्षी मी गुळाचं पाणी घातलं. साखरेपेक्षा गूळ चांगला, हे मनात पक्कं बसलेलं. गुळात लोह असतं आणि ते या पाखरांना बाधतं, हे नंतर कळलं. अजून मनाला लागतं ते. मधही नको, त्यात बुरशी लवकर धरते. साधी पांढरी साखर १ वाटी, पाणी ४ वाट्या, बास. लाल रंग अजिबात घालू नका, फीडरचा लाल रंग पुरतो.

तुम्ही जिथे असाल तिथलं लिहा. काय दिसलं, काय चुकलं, तारखा टिपल्या असतील तर त्याही.

ओहायो, २८ ऑगस्ट

उशिरा लिहितेय, पण परवा जे झालं ते सांगायलाच हवं. फीडरवर हिरवा काडीसारखा काहीतरी अडकलाय असं वाटलं. जवळ गेले तर खंडोबाचा किडा, वीतभर नसला तरी चांगला चार बोटं लांब. पुढचे दोन्ही पाय जोडून, पिण्याच्या भोकाशी तोंड करून बसला होता. मी त्याला काठीवर घेऊन मागच्या झुडपात सोडला. शेजारच्या आजींनी सांगितलं की तो हमिंगबर्ड पकडून खातो. विश्वास बसेना, पण खरं आहे. आता रोज सकाळी आधी फीडरची खालची बाजू बघते आणि मगच चहा ठेवते.

मुंग्यांचाही त्रास होता. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "दुधाचं पातेलं परातीत पाणी घालून ठेवतो, तसं नाही का करता येत?" तसंच करायचं असतं! फीडरच्या वर अडकवायची पाण्याची छोटी वाटी मिळते, तारेवरून उतरणारी मुंगी तिथेच थांबते. तारेला तेल किंवा व्हॅसलिन मात्र लावू नका. पिसांना लागलं तर बिचाऱ्यांना ते काढता येत नाही.

टूसॉन, ॲरिझोना, ४ सप्टेंबर

आमच्याकडे रात्री भरलेला फीडर सकाळी रिकामा सापडायला लागला. गळतोय समजून नवीन आणला, तोही रिकामा. चौथ्या रात्री अंगणातला दिवा बंद करून बसलो. साडेनऊच्या सुमारास वटवाघळं आली! एकेक जण क्षणभर फीडरला तोंड लावून निघून जात होतं. सग्वारो आणि अगेव्हच्या फुलांतला मध पिणारी ही लांब नाकाची जात आहे, उन्हाळ्यात मेक्सिकोतून येते. बायको म्हणाली, पिऊ देत. आता संध्याकाळी पुन्हा भरतो.

इथल्या उन्हात साखरपाणी दिवसभरात आंबतं. गढूळ दिसलं की टाकून द्या, वर भर घालू नका. रोज गरम पाण्याने आणि ब्रशने घासणं होणार नसेल तर फीडर टांगूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रॉकपोर्टजवळ, टेक्सासचा किनारा, १७ सप्टेंबर

आमच्याकडे गौरी-गणपती आणि हे पाहुणे बहुतेक वेळा एकाच सुमाराला येतात. उत्तरेकडे तुम्ही ज्यांना उन्हाळाभर पाहता, तेच इथे किनाऱ्यावर गोळा होतात. गावात त्यांच्या नावाने महोत्सव भरतो आणि लोक आपापली अंगणं पाहायला खुली करतात. आखातावर झेप घेण्याआधी खाऊन खाऊन त्यांचं वजन जवळपास दुप्पट होतं. एप्रिलमध्ये सडपातळ दिसणारं पाखरू आता मानेपासून पोटापर्यंत गोल झालेलं असतं.

काल सकाळी वारा उत्तरेचा झाला. दुपारपर्यंत आठ फीडरवर नुसती झुंबड होती, आज मोजून तीन उरलेत. गेले असणार.

फीडर काढला नाही तर ते जात नाहीत, असं मला इथे कुणीतरी सांगितलं होतं. तसं नाही. दिवस लहान होऊ लागला की त्यांना आतूनच ओढ लागते. शेवटचा दिसल्यानंतरही दोन आठवडे फीडर राहू द्या, मागे राहिलेल्या एखाद्याला वाटेत आधार होतो.

सातारा, ९ ऑक्टोबर

मुलीकडे नॉर्थ कॅरोलिनात सहा महिने राहून आलो. पहिल्या दिवशी मी तिला म्हणालो, "अगं, हा तर आपला शिंजीर!" नाही. आपल्याकडे हमिंगबर्ड नाहीतच, ते फक्त अमेरिका खंडातले. आपला शिंजीर जास्वंदीवर बसून, लटकून मध पितो, अधूनमधूनच हवेत थांबतो. हा मात्र पितानाही हवेतच, आणि मागेही उडतो. त्यांचं जवळचं नातं शिंजिराशी नसून पाकोळ्यांशी आहे, हे वाचून मी थक्क झालो. आमच्या जुन्या शाळेच्या छपराखाली पाकोळ्यांची वसाहत होती, त्यांच्याकडे मी चाळीस वर्षं वर मान करून पाहत आलोय.

परतीच्या आदल्या दिवशी नातवाने फीडर माझ्या हाताने भरून घेतला. आता फोनवर तो रोज सांगतो, "आजोबा, अजून एक आहे."

सिॲटल, २२ डिसेंबर

आमचे जातच नाहीत. ॲनाज हमिंगबर्ड वर्षभर इथे असतो. शंभर वर्षांपूर्वी तो इतक्या उत्तरेला नव्हता. बागांतली परदेशी फुलझाडं आणि फीडर यांच्या आधाराने कॅलिफोर्नियातून हळूहळू वर सरकला. म्हणून मला वाटतं, हिवाळ्यात आपली जबाबदारी मोठी आहे. पारा गोठणबिंदूच्या बराच खाली गेला की साखरपाणीही गोठतं. रात्री फीडर आत आणते आणि उजाडायच्या आधी बाहेर टांगते. त्यासाठी साडेसहाचा गजर लावलाय.

गेल्या वर्षी एका पहाटे तो बोडक्या फांदीवर बसलेला दिसला. पिसं फुगवून, चोच वर करून, मिटल्यासारखा. गेला असंच वाटलं. थंड रात्री तग धरायला ते शरीराचं तापमान उतरवून सुस्तीत जातात, हे तेव्हा माहीत नव्हतं. मी हात लावणार होते, नवऱ्याने थांबवलं. पंधरा-वीस मिनिटांनी आधी थरथर, मग एक पंख, मग थेट माझ्या हातातल्या फीडरवर. पंखांचा वारा बोटांना लागला.

सॅन होजे, १ मार्च

आम्ही दिवाळीचा आकाशकंदील संक्रांतीनंतर उतरवतो. यंदा १६ जानेवारीला स्टूल घेऊन वर चढलो तर कंदिलाच्या वायरवर घरटं. लिंबू पिळून उरलेल्या अर्ध्या सालीएवढं, बाहेरून शेवाळाचे तुकडे चिकटवलेलं. नंतर आरशातून पाहिलं तर आत चिंचोक्याएवढी दोन पांढरी अंडी. वापरातलं घरटं हलवणं इथे कायद्याने गुन्हा आहे, १९१८ पासून. आम्ही हलवलं असतं असंही नाही. बाल्कनीत कपडे वाळत घालणं बंद, दिवा बंद, फीडर पुढच्या दाराशी नेला.

नराने डिसेंबरभर आभाळातून सूर मारून, शेपटीच्या पिसांतून चिर्रकन आवाज काढून आम्हाला दचकवलं, पण घरट्याकडे फिरकला नाही. सगळं तिने एकटीने केलं. घरटं विणायला ती कोळिष्टकं वापरते, त्यामुळे पिल्लं वाढली तसं तेही ताणून मोठं होत गेलं. शेवटी दोघं त्यात मावत नव्हती, चोची बाहेर.

पहिलं पिल्लू २५ फेब्रुवारीला उडालं. दुसरं दोन दिवस कडेवर बसून नुसते पंख फिरवत होतं. २७ला दुपारी लेक ओरडली, "बाबा, गेलं!"

कंदील अजून तिथेच आहे. काल ती परत आली होती, वळचणीच्या कोपऱ्यातलं कोळिष्टक ओढत होती.