सत्तेचाळीस सांगितलं की ७४ लिहितो

प्रश्न (विश्रामबाग, सांगली):
मुलगा दुसरीत आहे. शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो. पण 'सत्तेचाळीस लिही' म्हटलं की ७४! दशक-एककाचे रकाने बरोबर भरतो, मात्र ४७ मधला ४ म्हणजे किती विचारलं तर म्हणतो, चार. पाढ्यांसारखं रोज लिहून घेऊ का?

तासगावच्या बाई:
लिहून घेणं आत्ता थांबवा. सत्तेचाळीसमध्ये सात आधी ऐकू येतात, पोरगं ऐकेल तसं लिहितं. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत दिली ती याचसाठी. केवढी आरडाओरड झाली तेव्हा! मला तरी पटली होती.

घरी खराट्याचे हीर घ्या, तुकडे करा. दहा मोजायचे, रबर लावायचं. रबर त्यानेच लावायचं हं, तुम्ही नाही. आयता गठ्ठा मिळाला की मुलाला ती एकच वस्तू वाटते. जमलं की ३२ मधून ५ काढायला सांगा. सुटे दोनच, म्हणजे गठ्ठा सोडावाच लागतो. खरी गंमत तिथे आहे.

मिरजेचे दुकानदार काका:
एवढं कशाला? दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी द्या.

तासगावच्या बाई:
नोटा नंतर, काका. नोट सोडून आतले दहा मोजता येत नाहीत.

विश्रामबाग:
गठ्ठे केले, ४७ जमले! आता विचारतोय, ४० ला शून्य कशाला?

तासगावच्या बाई:
सुटा एकही नाही म्हणून. शून्य पुसून काय उरतं ते त्यालाच वाचू द्या.