किरण, निहार, शिरीष, सुहास: दोघांना चालणारी पण मुलाकडे झुकणारी नावं, खरे अर्थ काय?

पिंपळपान
बारशाआधी नाव पक्कं करायचं आहे. मुलगा होवो की मुलगी, नाव तेच. थोडं मुलाकडे झुकणारं असेल तर उलट बरंच. यादीत चार उरलीत: किरण, निहार, शिरीष, सुहास. नावांच्या साइटी पाहिल्या तर प्रत्येकापुढे ‘तेजस्वी’, ‘शांत’ नाहीतर ‘देवाची देणगी’. खरी व्युत्पत्ती काय, आणि ही नावं मुलाकडे का झुकली? जन्मनोंद पुण्यात होईल, पण पुढची काही वर्षं मूल इंग्लंडात वाढेल. त्यामुळे स्पेलिंगबद्दलही सांगा.

धातुरूप
साइटींचे अर्थ सोडून द्या. ‘आरव’पुढे सर्रास ‘शांत’ लिहिलेलं असतं आणि आपट्यांचा संस्कृत कोश उघडला तर आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा.

किरण: धातू ‘कॄ’, म्हणजे विखुरणे, फेकणे. विखुरला जातो तो किरण. संस्कृतात पुल्लिंगी. मराठीत ‘पहिला किरण’ म्हणतो तेव्हा तो, आणि ‘सूर्याची किरणं’ म्हणतो तेव्हा ती नपुंसक. शब्दाचंच लिंग असं डळमळीत, त्यामुळे नाव दोन्हीकडे गेलं: किरण मोरे आणि किरण बेदी.

सुहास: सु + हास, बहुव्रीही समास. ‘ज्याचं हसू छान तो’ किंवा ‘जिचं हसू छान ती’. असा शब्द मुळात विशेषण असतो, ज्याला लावाल त्याचं लिंग घेतो. संस्कृतात मुलगा सुहासः, मुलगी सुहासा. मराठीत आपण शेवटचा अ बोलत नाही, मूळ रूप तसंच उचलतो, म्हणून कादंबरीकार सुहास शिरवळकर आणि अभिनेत्री सुहास जोशी यांच्या नावांत काही फरक ऐकू येत नाही.

निहार: मूळ संस्कृत ‘नीहार’, नी दीर्घ. धुकं, दव, हिम. हिंदीतल्या ‘निहारना’शी (निरखून पाहणे) याचा संबंध नाही, साइटींवर मात्र दोन्ही अर्थ एकाच ओळीत कोंबलेले असतात.

शिरीष: झाड. संस्कृतात झाड पुल्लिंगी (शिरीषः), फूल नपुंसकलिंगी (शिरीषम्). शास्त्रीय नाव अल्बिझिया लेबेक.

आता झुकाव का? माझं मत: ज्या नावाला रोजच्या वापरातलं स्त्रीरूप जोडीला आहे, ते मूळ रूप आपोआप मुलाचं होत जातं. सुहासला सुहासिनी आहे, निहारला निहारिका, तेजसला तेजस्विनी. किरणला असं चलनी स्त्रीरूप नाही, म्हणून चारांत तेच सर्वांत मध्यावर राहिलं. मुलीचं नाव निहार ठेवलंत तर ‘निहारिका का गं?’ हे तिला जन्मभर ऐकावं लागेल.

शेवटचा_अ
जोडीचा मुद्दा पटला, पण शिरीषला लागू नाही. त्याला कुठलं स्त्रीरूप? तरी आज शिरीष म्हटलं की बहुतेकांना पुरुषच आठवतो. आणि अर्थावर जायचं तर चौघांत सर्वांत नाजूक नाव हेच. कालिदासाच्या कुमारसंभवात पार्वती तपाला निघते तेव्हा तिची आई मेना तिला सांगते की शिरीषाचं फूल भुंग्याचा पाय पेलेल, पाखराचा नाही. म्हणजे उपमा मुलीच्या कोवळ्या देहाला, आणि नाव लागलं पुरुषांना! अर्थातच स्त्रियांनाही: मराठीत हायकू रुजवणाऱ्या कवयित्री शिरीष पै.

माझ्या मते इथे ध्वनी काम करतो. मराठी कानाला नावाच्या शेवटी आ किंवा ई आली की मुलगी, व्यंजन आलं की मुलगा. म्हणून व्यंजनान्त नाव ‘दोघांचं’ असलं तरी मुलाकडे कलतं. अपवाद ‘ल’चा: शीतल, कोमल, स्नेहल मुलींकडे गेली, जरी जुन्या पिढीतले संगीतकार स्नेहल भाटकर पुरुष होते. निखिल, कुणाल मात्र मुलांचेच राहिले, त्यामुळे याचा नियम करू नका.

जोडाक्षराने संपणारी नावं वेगळी वागतात. आर्य, अनन्य यांत शेवटचा अ ऐकू येतो. इंग्रजीत तो ‘ए’ अक्षराने लिहिला की आर्य आणि आर्या, अनन्य आणि अनन्या यांचं स्पेलिंग एकच होतं. मुलगा असेल तर शाळेच्या यादीत हमखास मुलींत जातो. तुमच्या चौघांत ही भानगड नाही.

पिंपळपान
मग मृणालही यादीत घ्यावं का? मृणाल सेन पुरुषच ना.

धातुरूप
बंगालमध्ये पुरुषाचं, महाराष्ट्रात बाईचं: मृणाल गोरे. अर्थ दोन्हीकडे एकच, कमळाचा देठ, त्यातला तंतू. तुम्हाला मुलाकडे झुकणारं हवंय आणि नोंद पुण्यात, म्हणजे इथे ते उलट्या बाजूला झुकेल. तसंच ‘कमल’: हिंदी-तमिळ पट्ट्यात पुरुष, आपल्याकडे कमलताई.

व्यंजनान्त शब्दांतलं एक नाव सुचवतो: सुहृद. संस्कृतात ‘सुहृद्’ला स्त्रीलिंगासाठी प्रत्यय लागतच नाही, मित्र असो की मैत्रीण, रूप एकच. व्याकरणाने खरोखर दोघांचं, वापराने मुलाचं. पण इंग्रजी स्पेलिंगला त्रास. आपण ऋ ‘रु’ असा उच्चारतो, उत्तरेत ‘रि’. म्हणजे एकाच नावाची दोन स्पेलिंगं, अमृता नावाचं होतं तसंच. आणि हृ हे अक्षर टायपणारा हमखास ‘ह्रु’ करून ठेवतो.

खतावणी
कागदपत्रांचं सांगते, कारण अशा नावांत खरी अडचण तिथेच येते.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण त्यात नाव असलंच पाहिजे असं नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते. नंतर 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येतं, त्यापुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. तेव्हा घाईत नाव देऊ नका. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 15 नोंदीतली चूक दुरुस्त करण्यासाठी आहे, आपला विचार बदलला त्यासाठी नाही. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तिथलं स्पेलिंग पुढे सगळीकडे जातं.

दाखला हातात आला की इंग्रजी आणि मराठी दोन्ही ओळी अक्षर लावून वाचा. ‘शिरीष’चं बहुतेक वेळा ‘शिरीश’ किंवा ‘शिरिष’ होतं, कारण मराठी ओळ इंग्रजीवरून आपोआप उमटवली जाते आणि इंग्रजीत श-ष एकच. आधारवरही हेच. ‘लिंग’ रकाना स्वतंत्र तपासा. नाव किरण पाहून भरणाऱ्याने अंदाजाने टिचकी मारली, असं व्हायला वेळ लागत नाही.

मधल्या नावाचा भरवसा धरू नका. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांचं नाव महाराष्ट्रात ‘बाळाचं, आईचं, वडिलांचं, आडनाव’ असं लिहिलं जातं. ‘किरण सुनीता रमेश’ मुलगाही असेल, मुलगीही. शिखांमध्ये सिंग आणि कौर हे काम करतात: हॉकीचा हरमनप्रीत सिंग, क्रिकेटची हरमनप्रीत कौर. आपल्याकडे भावाबहिणींच्या नावात मधले शब्द तेच, त्यामुळे ओळख फक्त पहिल्या नावावर.

पत्रिकांत, बक्षिसांच्या यादीत मुलीच्या नावामागे ‘चि.’ आणि मुलामागे ‘कु.’ चुकून लागणं हे ठरलेलंच. फॉर्म भरताना उपपद स्वतः लिहून द्या, कोरं सोडू नका.

शेवटचा_अ
गंमत अशी की मराठी वाक्यात कोडं टिकतच नाही. ‘किरण आला’, ‘किरण आली’, क्रियापद लगेच चुगली करतं. आदराने बोललात तरी ‘किरण आले’, ‘किरण आल्या’, कळतंच. घरातही मुलाचा किरण्या होईल, मुलीची किरू.

इंग्लंडात याच्या उलट. क्रियापद काही सांगत नाही, नाव एकटं पडतं. आणि तिथे ‘किअरन’ नावाचे पुरुष भरपूर. ते आयरिश ‘किआरान’वरून आलंय, मूळ शब्दाचा अर्थ काळा, सावळा. आपल्या किरणाशी काडीचा संबंध नाही, अर्थ तर जवळजवळ विरुद्ध. पण ऐकणारा किरणला तेच समजेल आणि मुलगाच गृहीत धरेल. मुलगी झाली तर हे लक्षात ठेवा. स्पेलिंग सरळ पाच अक्षरी ठेवा, मध्ये जास्तीचा ‘ई’ घुसवू नका, नाहीतर पुरतं आयरिश होईल. निहारच्या पहिल्या अक्षराचा तिथे ‘नाय’ व्हायची शक्यता आहे.

पिंपळपान
किरण आणि शिरीष, दोनच उरली. राशीचं अक्षर पाहणारे आजोबा आहेत घरात. आणि शिरीषाचं फूल गुलाबीच ना? बारशाच्या पत्रिकेवर घ्यायचं म्हणतोय.

धातुरूप
अवकहडा चक्राप्रमाणे (जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचं पहिलं अक्षर सांगणारं कोष्टक) ‘की’ मृग नक्षत्राचा चौथा चरण, मिथुन रास. ‘शि’साठी वेगळं अक्षर नाही, तो ‘सी’त धरतात: शततारकेचा तिसरा चरण, कुंभ. ऱ्हस्व-दीर्घ तिथे पाहत नाहीत. जुळलं नाही तर पाळण्यातलं नाव वेगळं ठेवून आजोबांचं समाधान करता येतं.

फूल गुलाबी नाही. इंटरनेटवर दिसतो तो गुलाबी झुपका बहुधा रेन ट्रीचा, त्याला विलायती शिरीष म्हणतात आणि ते झाड दक्षिण अमेरिकेकडचं. आपल्या शिरीषाचा झुपका हिरवट पांढरा, सुकताना पिवळसर. त्यात पाकळ्या दिसतच नाहीत, दिसतात ते लांब, रेशमासारखे पुंकेसर. चित्रकाराला एप्रिल-मेमध्ये झाडाखाली न्या, वास आधी येईल. उशीर झाला तर पुढे चपट्या, वाळलेल्या शेंगाच हाती लागतील, वाऱ्यावर खुळखुळणाऱ्या.